बटणाच्या फोनचा अधिक महिना

बटणाचा फोन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तो आधी कानाला लावत नाही. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात शिरलेले आजोबा काचेवरचा हँडसेट उचलतात, टॉर्च लावतात आणि झोत काउंटरवरच्या पोराच्या डोळ्यांत मारून पाहतात. पोराने डोळे मिचकावले, की फोन पहिल्या परीक्षेत पास. सोबत आलेला पुण्याचा नातू 'कॅमेरा कसा, मेमरी किती' असं काहीबाही विचारत असतो. त्याच्याकडे दोघेही लक्ष देत नाहीत.

आजोबांची ही रीत अडाणी म्हणायची सोय नाही. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ने नेमकं हेच हेरलं होतं. धूळ आत जाऊ नये असा कीपॅड, घामट हातातून निसटू नये अशा कडा आणि डोक्यावर दिवा. एवढ्या भांडवलावर तो फोन जगभरात २५ कोटींच्या आसपास खपला. महाराष्ट्रात ते भारनियमनाचे दिवस होते, आणि शेतीपंपाची वीज त्यानंतरही वर्षानुवर्षं बऱ्याचदा रात्रपाळीने येत राहिली. मध्यरात्री उसाला पाणी धरायला निघालेल्या माणसाला साप दिसणं फार महत्त्वाचं असतं. फोनमधल्या गेममधला नव्हे, बांधावरचा.

दुसरी परीक्षा आवाजाची. रिंगटोन परसदारी ऐकू गेली पाहिजे आणि स्पीकरवरचं बोलणं ओसरीवरच्या सगळ्यांना, कारण खेड्यातला फोन एकट्याने ऐकण्याची वस्तू नाही. तिसरी परीक्षा हळू आवाजात होते: "बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं का?" हजार-बाराशेच्या बऱ्याच फोनांत ही सोय असते. शहरातल्या लोकांना ती कशाला लागते ते कळत नाही, कारण त्यांची वाटणी झालेली नसते. ते रेकॉर्डिंग कोर्टात किती टिकेल हा भाग निराळा. धाकट्या भावाला चारचौघांत ऐकवायला पुरतं.

मग ब्रँडची घासाघीस. लावा, आयटेल वगैरे नावं पोरगा पुढे सरकवतो, पण आजोबांचं एकच: "नोकियाचा दाखव." खरं तर नोकियाच्या नावाचे फोन २०१७ पासून एचएमडी ही कंपनी काढते. २०२४ साली तिने स्वतःच्या नावाने '१०५' आणि '११०' हे फोन भारतात आणले, किमती ९९९ आणि ११९९ रुपये. पोरगा हा सगळा इतिहास सांगायच्या भरीला पडत नाही. "नोकियाचाच आहे, नाव बदललंय," म्हणतो.

नोकियावरचा हा लोभ साधासुधा नाही. ऑगस्ट २००७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं होतं, की मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी काही चार्जिंगच्या वेळी तापू शकतात. तेव्हा लोक फोनचं मागचं झाकण काढून, चष्मे कपाळावर चढवून बॅटरीवरचे बारीक नंबर वाचत बसले होते. दुसऱ्या एखाद्या कंपनीची यातून पुरती बेअब्रू झाली असती. बीएल-५सी मात्र हा अपमान पचवून आठवडी बाजारातल्या, अभंग वाजवणाऱ्या छोट्या रेडिओंच्या पोटातही जाऊन बसली.

आता सिम. इथे नातू पहिल्यांदा कामाला येतो. आजोबांच्या खिशातलं सिम जिओचं निघतं, आणि जिओकडे टूजी सेवाच नाही. स्वस्तातला टूजी हँडसेट त्या सिमसमोर मुका. २०१७ साली जिओने १५०० रुपयांच्या अनामतीवर स्वतःचा बटणाचा फोन काढला, पुढे २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा जिओभारत आणला. त्यांच्यावर फोरजी चालतं, पण सिम जिओचंच लागतं. तेव्हा फोनांची तुलना करायला आलेल्या माणसाने आधी खिशातलं सिम तपासावं. दुकानदार ही गोष्ट पैसे हातात पडल्यावर सांगतात.

आणि खरी गंमत पैसे दिल्यानंतरच सुरू होते. २००५ च्या अखेरीस कंपन्यांनी ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' प्रीपेड विकलं होतं. कार्ड एकदा घ्या, इनकमिंग आजन्म. हे आजन्म २०१८ च्या अखेरीस संपलं. किमान ३५ रुपयांचं रिचार्ज मारा, नाहीतर सेवा बंद, असे मेसेज येऊ लागले. ज्यांच्या नावे लाइफटाइम होतं ते खणखणीत जिवंत होते. आज त्याच ९९९ रुपयांत अख्खा फोन येतो, पण त्याची घंटी वाजती ठेवायला वर्षाला त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे लागतात.

२८ दिवसांच्या रिचार्जचं गणित तर पंचांगकर्त्यांनीही हात जोडावेत असं आहे. वर्षाला तेरा रिचार्ज. आपल्याकडे अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो आणि जावयाला अनारशांचं वाण मिळतं. मोबाइल कंपन्यांकडे तो दरवर्षी येतो आणि वाण कंपनीला जातं. ओरड झाली तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन पुऱ्या ३० दिवसांचा ठेवायला लावला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक शहाणपण आलं: ज्यांच्या फोनात इंटरनेट चालतच नाही, त्यांना डेटा नसलेलं रिचार्ज मिळू द्या. त्याआधी कितीतरी बटणाचे फोनवाले रोजच्या दीड-दीड जीबीचे पैसे भरत होते आणि तो डेटा रोज रात्री बारा वाजता न शिवताच परत जात होता. जानेवारी २०२५ मध्ये ८४ दिवसांसाठी नुसतं बोलण्या-मेसेजचं रिचार्ज जिओकडे ४४८ आणि एअरटेलकडे ४६९ रुपयांना आलं. नातवाने मोबाइलवर हिशेब करून २१ रुपयांचा फरक दाखवला. आजोबांनी "रेंज कुणाची येते?" एवढंच विचारून तो निकालात काढला.

रिचार्ज झालं. बोलणं अमर्याद, कुठेही, कितीही. आजोबांनी दुकानातच पुतण्याचा नंबर लावला, एक रिंग जाऊ दिली आणि लाल बटण दाबलं.

"आबा, आता फुकट आहे. बोला की," नातू म्हणाला.

"असू दे. त्याचंही फुकटच असेल ना? तो करील."