स्वल्पविरामाने उतरलेले सप्तक

पाश्चात्त्य संगीताचे स्वरलेखन पाच आडव्या रेषांवर होते. या रेषा, त्यांवरचे काळे-पांढरे गोळे, गोळ्यांच्या दांड्या आणि दांड्यांच्या शेपट्या कागदावर उमटवण्याचे जे अनेक मार्ग आहेत, त्यांपैकी सर्वांत आडवळणाचा मार्ग असा, की एकही रेषा न ओढता साध्या टेक्स्ट फाइलमध्ये रोमन अक्षरे टाइप करावीत, मग कमांड लाइनवर, म्हणजे जिथे बटणे आणि चित्रे नसतात व प्रत्येक हुकूम लिहूनच द्यावा लागतो अशा काळ्या चौकटीत, प्रोग्रॅमचे आणि फाइलचे नाव लिहून एंटर दाबावे आणि पीडीएफची वाट पाहावी. माउसने गोळा उचलून रेषेवर ठेवण्याची सोय म्यूझस्कोरसारख्या प्रोग्रॅममध्ये फुकट मिळत असतानाही हा मार्ग धरणारे संख्येने थोडे आहेत. निष्ठेत मात्र ते वारकऱ्यांना हार जाणारे नाहीत.

या पंथाचे मुख्य दैवत लिलीपाँड होय. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये ते घडवायला घेतले, आणि त्यामागची तक्रार सौंदर्याची होती: संगणकावर छापलेली पाने निर्जीव दिसतात. पूर्वी कारागीर मऊ धातूच्या पत्र्यावर पाच रेषा कोरून त्यांवर पोलादी ठसे हातोडीने ठोकत, आणि तेही उलटे, आरशात दिसावे तसे. दोन स्वरांमध्ये किती जागा सोडायची हे त्यांच्या डोळ्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने कळे. लिलीपाँडच्या माहितीपुस्तिकेत बाखच्या चेलो सुइटचे १९५० चे हातकोरीव पान आणि २००० सालचे संगणकी पान शेजारी-शेजारी ठेवले आहे. दुसऱ्या पानावर एका ओळीतले स्वर खालच्या ओळीतल्या स्वरांच्या बरोबर वर इतके काटेकोर उभे आहेत, की वादकाने क्षणभर नजर हलवली तर परतताना आपली ओळ कोणती हे त्याला कळू नये. म्हणून हा प्रोग्रॅम जुन्या कारागिराची नजर शिकू पाहतो. त्याच्या आतल्या, चिन्हे उमटवणाऱ्या प्रत्येक घटकाला ‘एन्ग्रेव्हर’, म्हणजे कोरणारा, अशीच पदवी आहे: एक दांड्या कोरतो, एक गोळे, एक कमानी. संगीतचिन्हांच्या फॉन्टांना मात्र एमेंटालर, फेटा, पार्मेझान अशी चीजची नावे का द्यावीत, याचा उलगडा सौंदर्यशास्त्रातून होत नाही.

लेखनाचे नियम वरवर पाहता बालबोध आहेत. स्वराचे अक्षर लिहावे, त्यापुढे कालमानाचा अंक द्यावा. चार म्हणजे पाव स्वर, आठ म्हणजे त्याचा निम्मा, आणि अंक दिलाच नाही तर मागचा अंक चालू राहतो. सप्तक बदलायचे असेल तर अक्षरापुढे वरच्या सप्तकासाठी एकेरी अवतरणचिन्ह आणि खालच्यासाठी स्वल्पविराम द्यावा. पण प्रत्येक स्वराला अशी शेपूट लावण्याचा कंटाळा येतो, म्हणून ‘रिलेटिव्ह’ नावाची सोय केलेली आहे, आणि तिथेच माशी शिंकते. या सोयीत प्रोग्रॅम प्रत्येक नवा स्वर आधीच्या स्वराच्या सर्वांत जवळचा धरतो. ‘सी’नंतर ‘जी’ लिहिला, म्हणजे आपल्या भाषेत षड्जानंतर पंचम, तर तो वरचा न धरता मंद्रातला धरला जातो, कारण वरचा पंचम पाचवा पडतो आणि खालचा चौथा. वरचा पंचम हवा असेल तर इथेही अवतरणचिन्ह द्यावेच लागते, आणि ते विसरणाऱ्याचा हा एकच स्वर खाली जाऊन थांबत नाही. पुढचे सगळे स्वर आधीच्याच्या जवळ राहण्याच्या शिस्तीने त्याच्यामागून सप्तकभर खाली उतरतात. अशी दोन-तीन चिन्हे राहिली, की बासरीसाठी लिहिलेली धून पंचरेषांच्या तळाशी, जादा रेषांच्या शिडीवरून, तळघरात जाऊन बसते, आणि प्रोग्रॅम समाधानाने जाहीर करतो की काम यशस्वी झाले आहे.

तालाच्या बाबतीत तो इतका उदार नाही. प्रत्येक बारच्या, म्हणजे आवर्तनासारख्या ठरावीक मात्रांच्या खंडाच्या, शेवटी उभी रेघ लिहिली तर ती छापण्यासाठी नसून तपासणीसाठी असते, आणि मात्रा कमी-जास्त झाल्या तर ओळीच्या क्रमांकासह इशारा मिळतो. रेघ लिहिण्याचा आळस केला तर एक पाव स्वर गाळल्याची कुणालाच खबर लागत नाही आणि पुढचे संपूर्ण गाणे एका मात्रेने सरकते. सम चुकलेल्या गायकाकडे तबलजी निदान डोळे वटारून पाहतो, इथे तेवढीही सोय नाही.

मजकुरातून संगीत लिहिण्याची कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी क्रमिक पुस्तक मालिकेत ज्या शेकडो बंदिशी नोंदवल्या, त्या पंचरेषांवर नव्हे, तर अक्षरांत: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, गीताच्या लांबणाऱ्या अक्षरासाठी अवग्रह. या लेखनाला पत्रा लागत नाही की ठसे ठोकणारा कारागीर. युरोपीय लोकधुनांसाठी क्रिस वॉलशॉ यांनी ‘एबीसी’ नावाची अशीच आटोपशीर अक्षरपद्धती केली, आणि तिच्यात एखादी आयरिश नाचाची धून ईमेलच्या दोन-चार ओळींत मावते. ज्यांना एका सुरावटीपलीकडे काही नको त्यांनी तिथेच थांबावे, हे उत्तम.

न थांबणाऱ्यांची खरी परीक्षा पहिले पान छापल्यावर सुरू होते. या पद्धतीचे तत्त्व असे, की माणसाने संगीत काय आहे तेवढे लिहावे आणि ते कसे दिसावे हे प्रोग्रॅमवर सोडावे. तत्त्व सर्वांना पटते आणि कुणालाच झेपत नाही. दोन स्वर जोडणारी कमान, जिला स्लर म्हणतात, सोळाव्या बारमध्ये किंचित जास्त फुगली आहे असे एकदा डोळ्यात भरले, की ‘ओव्हरराइड’ म्हणजे प्रोग्रॅमचा निर्णय रद्द करणारी आज्ञा लिहिली जाते. कमान बसते तर शेजारचा बीम, म्हणजे शेपट्यांऐवजी दांड्यांना जोडणारी जाड पट्टी, आता वाकडी वाटू लागते. कारागिराच्या हातोडीपासून सुटका व्हावी म्हणून हे सारे मांडले आणि रात्री दोन वाजता मालक स्वतःच कमानीची टोके दशांशात ठोकत बसला आहे. ज्या व्हायोलिनसाठी ही धून लिहिली, ते तोपर्यंत पेटीतच असते.

या व्यसनाचे समर्थन म्हणून टिकाऊपणाचा दाखला दिला जातो, आणि तो खोटा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले या जुन्या आणि महागड्या संगीतलेखन प्रोग्रॅमचा विकास थांबवल्याची घोषणा झाली तेव्हा पुष्कळ संगीतकारांना आपल्या कपाटभर फाइलींचे काय होणार हा घोर लागला. साध्या मजकुराची फाइल मात्र कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते. वाचता येते, छापता येईलच असे नाही, कारण लिलीपाँडचे व्याकरणही आवृत्तीगणिक बदलते. त्यासाठी ‘कन्व्हर्ट-एलवाय’ हा दुसरा प्रोग्रॅम सोबत मिळतो. तो जुनी फाइल नव्या व्याकरणात बसवतो, आणि जिथे जमत नाही तिथे हे बदलण्याइतके आपण हुशार नाही असे स्वच्छ लिहून मोकळा होतो. मालक मग ती ओळ हाताने दुरुस्त करायला फाइल उघडतो, आणि उघडलीच आहे तर सतराव्या बारमधली कमानही एकदा पाहून घेतो.