पंधरा मिनिटांची थाप

‘१५ मिनिटांत रात्रीचं जेवण’ या पाककृतीचं घड्याळ कांदा चिरून झाल्यावर सुरू होतं. लसूण आधीच सोललेली असते, छोले भिजवून शिजवलेले असतात. कोणी, हे विचारायचं नाही. कांदा म्हणे ५ मिनिटांत तपकिरी होतो. मंद आचेवर त्याला नीट रंग यायला अर्धा-पाऊण तास लागतो. पण कांद्याला पाककृती कुठे वाचता येते?

मग फेरफार सुरू. ब्रोकोली नाही, फ्लॉवर घ्या. बेसिल नाही, कोथिंबीर आहेच. क्रीमऐवजी साय, ऑलिव्हऐवजी शेंगदाणा तेल. आणि तेल तापलं की हात आपसूक मोहरी-हिंगाकडे जातो. ताटात इटली यायची होती, आली फ्लॉवरची रस्साभाजी. तीही पास्त्यासोबत.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’त (१९७०) मापं वाटी-चमच्यात होती. आता ती मिनिटांत देतात, आणि भांडी घासण्याची मिनिटं कुणीच धरत नाही. खरं झटपट जेवण म्हणजे पिठलं: फोडणी, पाणी, बेसन, एक वाफ. पण ते ताटात पडलं की घरचे विचारतात, ‘‘आज काही केलं नाहीस वाटतं?’’