सावधान!

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा निघाला. आमचा परतूर तालुका परभणीचा. तोही त्याच दिवशी जालन्याच्या पदरात पडला. परभणीकर म्हणून निजलेली माणसं जालनेकर म्हणून उठली आणि कुणाचं काही दुखलं-खुपलं नाही. पुढच्या जूनमध्ये मला जालन्याच्या वसतिगृहात टाकायचं ठरलं, तेव्हा आबांनाही वाटलं असावं, अख्खा तालुका नांदायला गेला, हे एवढंसं पोरगं का नांदणार नाही?

बरोबर वळकटी, बुडावर नाव कोरलेलं ताट आणि पत्र्याची पेटी. पेटीवर नाव रंगवणारा पेंटर एरवी दुकानांच्या पाट्या करायचा. त्यानं हाताच्या सवयीनं माझ्या नावाआधी ‘प्रो.’ लिहून टाकलं. आबा म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे, शोभतंय.’’ वसतिगृहाच्या दारात पेटी टेकवली आणि जुन्या पोरांनी पाटी वाचली. त्या संध्याकाळी माझं नाव गेलं ते गेलंच. पुढं दहावीपर्यंत मी ‘प्रोप्रायटर’.

पेटीत मायनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते. कुलूप भक्कम, किल्ली करदोड्याला. पहाटे पाहिलं तर कुलूप जागच्या जागी आणि लाडू एकही नाही. जुन्यांनी मागून बिजागरीच्या खिळी काढल्या होत्या. नंतर त्या पुन्हा नीट ठोकूनही ठेवल्या होत्या. चोरीत एवढी टापटीप मी पुढं नोकरीतसुद्धा क्वचितच पाहिली.

रात्री दिवा मालवला की कोपऱ्यातलं एखादं पोरगं मुसमुसायला लागायचं. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. आमच्या गावात कुत्री अशीच क्रमानं सुरू होतात. जुनी पोरं अंधारातून ओरडायची, ‘‘ए, एकेकानं रडा रे!’’

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मैदानात रांगा लागल्या. पी.टी.चे सर छाती फुगवून ओरडले, ‘‘सावधान!’’

आता यात माझी चूक काय, तुम्हीच सांगा. समर्थांचं जांब आमच्याच जिल्ह्यात. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकताच बारा वर्षांचा नारायण कसा पळाला, हे गावच्या गुरुजींनी आम्हांला इतक्यांदा सांगितलेलं की, तो शब्द ताठ उभं राहण्याचा आहे हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आमच्याकडे तो पळायचाच शब्द. मी पळालो.

स्टेशन गाठलं. मीटरगेजची गाडी उभी होती. गाडी म्हणजे परतूरला जाणारी, एवढंच मला ठाऊक. गाडीला दोन दिशा असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. चढलो. थोड्या वेळानं टीसी आला. चड्डीवर लोंबणारी किल्ली पाहूनच त्यानं सगळं ओळखलं.

‘‘कुटं निघालास रे?’’

‘‘परतूरला.’’

‘‘आन् तोंड मनमाडाकडं? परतूर पार मागं ऱ्हायलं की, लेका.’’

नारायणही याच अंगाला, नाशिककडे गेला होता आणि टाकळीला बारा वर्षं तप करून बसला. माझं तप बदनापूरला संपलं. टीसीनं मला तिथं उतरवलं, स्वतःच्या पैशानं चहा-खारी दिली आणि दुपारच्या एसटीत एका ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली केलं.

परतल्यावर मार बसेल वाटलं होतं. पी.टी.च्या सरांनी फक्त पेटीकडं बघून विचारलं, ‘‘काय प्रोप्रायटर, शाखा उघडायला गेला होता का?’’

डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात समर्थांवर नाटुकलं बसवलं. पळायचा अनुभव असलेला मी एकटाच, म्हणून नारायण मी. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, ‘सावधान’ आलं आणि मी जीव तोडून विंगेत पळालो. तिथं पी.टी.चे सर आधीपासूनच उभे होते. पडदा पडेपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही.