शेवटची आवृत्ती

विंडोज १० ही शेवटची आवृत्ती, असं मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने २०१५ साली भर परिषदेत सांगितलं होतं. आपल्याकडचे पुढारीही ‘ही माझी शेवटची निवडणूक’ असं म्हणतातच. त्यामुळे २०२१ मध्ये विंडोज ११ अवतरली तेव्हा निदान मराठी माणसाला तरी धक्का बसू नये.

धक्का पुढे होता. नवी आवृत्ती हवी, तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे पत्रं, हिशेब, वीजबिल असं सगळं बिनतक्रार उरकणारा २०१६ चा संगणक एका फतव्यात बाद! १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबाही संपला. आणखी वर्षभर सुरक्षा हवी? तीस डॉलर मोजा, नाहीतर सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर नेऊन ठेवा. युरोपातल्या ग्राहक संघटनेने डोळे वटारले, तेव्हा तिथे ही अट सुटली. आपण वटारले नाहीत.

आणि ११ मिळालेल्या भाग्यवंतांना? स्टार्ट मेनूत जाहिराती. त्यांना म्हणायचं मात्र ‘शिफारसी’.

जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी त्यावर लिनक्स मिंट ही पर्यायी प्रणाली टाकून पाहा. फुकट आहे, आणि चिपची चौकशी करत नाही.