मा. एफ-टू-ए साहेबांस, एका कायम रहिवाशाच्या बायकोकडून

प्रति,
मा. एफ-टू-ए साहेब,
कौटुंबिक दुसरी पसंती, पोटविभाग ‘अ’,
मुक्काम व्हिसा बुलेटिन, अमेरिकी परराष्ट्र खाते, वॉशिंग्टन.

विषय : नवऱ्याला ग्रीन कार्ड मिळाल्यामुळे बायको तासगावातच राहिल्याबाबत.
संदर्भ : आपले दरमहा प्रसिद्ध होणारे बुलेटिन.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवते की, मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत कर्ज विभागात अधिकारी आहे आणि लोकांचे अर्ज अडवून ठेवणे हे माझे रोजचे काम आहे. तेव्हा हे पत्र एका समव्यवसायी व्यक्तीचे समजावे. आम्हीही माणसांना हेलपाटे घालायला लावतो, पण निदान त्रुटी तरी काढतो. उतारा जुना आहे, जामीनदाराची सही राहिली, स्टँप कमी आहे. तुम्ही माझ्या अर्जात एकही त्रुटी काढलेली नाही. लग्न खरे आहे हे मान्य, नवरा माझाच आहे हे मान्य, अर्ज मंजूर. फक्त व्हिसाचा नंबर नाही. असे मंजूर करून न देणे आमच्या बँकेला अजून जमलेले नाही. संचालक मंडळाला तुमच्याकडे प्रशिक्षणाला पाठवावे म्हणते.

मुख्य तक्रारीकडे येते. तुमच्या देशात माणूस तीन पायऱ्या चढतो. पहिली एच-वन-बीची. या पायरीवरचा माणूस कायद्याच्या लेखी पाहुणा. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅग भरायची. पण त्याने लग्न केले तर बायकोला एच-फोर मिळतो आणि ती काही महिन्यांत त्याच्या घरी पोचते. तिसरी पायरी नागरिकाची. त्याच्या बायकोला वार्षिक मर्यादा नाही, नंबर नाही, बुलेटिन बघायची गरज नाही. मधली पायरी कायम रहिवाशाची. हा माणूस घर घेतो, नोकरी बदलतो, कर तर भरतोच भरतो. त्याने लग्न केले की बायको तुमच्याकडे वर्ग होते. म्हणजे ज्याचा उद्याचा भरवसा नाही त्याचा संसार लगेच मांडून द्यायचा आणि जो कायमचा राहणार म्हणून शिक्का मारला त्याला एकट्याने डबा करायला लावायचा. यामागे काही खोल विचार असणारच. आमच्याकडे कोणाला तो सापडलेला नाही, एवढेच.

गंमत म्हणजे ग्रीन कार्ड आले तेव्हा तासगावात पेढे वाटले होते. लग्नाच्या बाजारात मुलाचा भाव वधारला. मध्यस्थ सांगत फिरले, “मुलगा आता कायमचा झालाय, व्हिसाची कटकटच नाही.” माझ्या वडिलांनी पत्रिका जुळवून घेतली, गुरुजींनी मंगळ तपासला, मामांनी पगाराची स्लिप पाहिली आणि मावशीने फोटोवरून दारू पितो का ते ठरवले. व्हिसा बुलेटिन कोणीच पाहिले नाही. तिकडच्या मराठी घरांतली जाणती माणसे म्हणे आता उपवर मुलांना वेगळाच सल्ला देतात. ग्रीन कार्ड मंजूर व्हायच्या आधी बोहल्यावर उभा राहा, एक दिवस आधी का होईना. आधी लग्न झालेली बायको नवऱ्याच्याच अर्जावर मागाहून येते, नंतर लग्न झालेली तुमच्या रांगेत. आम्ही २०२४च्या मेमध्ये लग्न केले. गोरज मुहूर्त होता. तीन वर्षांनी चुकला.

आणि ते ग्रीन कार्ड तरी कसे आले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. करोनात तुमच्या वकिलातींचे दरवाजे बंद होते. कुणाच्या बायका, कुणाचे भाऊ, कुणाची मोठी झालेली मुले आत जाऊ शकली नाहीत आणि कुटुंबांसाठी राखलेले नंबर पडून राहिले. न वापरलेले कौटुंबिक नंबर पुढच्या वर्षी नोकरीवाल्यांना द्यायचे, असा तुमचा नियम. त्यामुळे एरवी वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार असणारे नोकरीचे नंबर २०२१ साली सुमारे २ लाख ६२ हजारांवर गेले. वर्षानुवर्षे तुंबलेल्या भारतीय इंजिनिअरांपैकी अनेकांची लॉटरी लागली. त्यात आमचाही इंजिनिअर होता. थोडक्यात, दुसऱ्यांच्या बायकांच्या जागेवर माझा नवरा आत गेला आणि आता माझ्यासाठी जागा नाही. हिशेब चोख आहे. ऑडिटला दाखवण्यासारखा.

तुमचा स्वभावही जरा लहरी आहे, राग मानू नका. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात तुमच्या नावापुढे प्रत्येक बुलेटिनमध्ये ‘सी’ असे अक्षर असायचे. म्हणजे नंबर उपलब्ध, कोणीही यावे. मग एप्रिल २०२३च्या बुलेटिनमध्ये तुम्ही एका फटक्यात ८ सप्टेंबर २०२० या तारखेवर जाऊन बसलात. म्हणजे त्याआधी अर्ज केलेल्यांनाच नंबर. आदल्या महिन्यापर्यंत जाऊ शकणाऱ्या बायका एका रात्रीत अडीच वर्षे मागे ढकलल्या गेल्या. एक मात्र मान्य करते, तुम्ही भारतीय म्हणून आमचा वेगळा छळ करत नाही. नोकरीच्या रांगेत प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आणि त्यात आमची माणसे अर्धे आयुष्य काढतात. तुमच्याकडचे तीन चतुर्थांश नंबर त्या मर्यादेतून मोकळे आहेत, म्हणून लागोस, मनिला आणि तासगाव एकाच तारखेला उभे. वर्षाला साधारण ८८ हजार नंबर, तेही मुलांसकट, साऱ्या जगासाठी. एवढ्या मोठ्या भगिनीमंडळाची मी सभासद होईन, असे लग्नात हळद लावताना वाटले नव्हते.

दरम्यान नवऱ्याला भेटायला तरी जाऊन यावे, असा बावळट विचार माझ्या आईच्या मनात येतो. तिला वाटते, टुरिस्ट व्हिसा घ्यावा, महिनाभर राहावे, त्याचे घर आवरून द्यावे. आईला तुमच्या कायद्याचे कलम २१४(ब) माहीत नाही. त्या कलमानुसार पर्यटक म्हणून येणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच आला आहे असे धरून चालायचे आणि तसे नाही हे त्याने पटवून द्यायचे. आता माझे कसे आहे, मी कायमची येणार असे माझ्या नवऱ्याने सरकारी फॉर्मवर सही करून, फी भरून आधीच कळवले आहे. मग मी खिडकीपाशी उभी राहून फक्त नायगारा बघून परत येईन, असे कोणत्या तोंडाने सांगू? नवरा तिकडे नसता तर मी नायगारा पाहून आले असते.

राहता राहिला तोच इकडे येण्याचा मार्ग. त्यातही तुमच्या घराण्याने खुंटी मारून ठेवली आहे. नागरिकत्वासाठी ग्रीन कार्डनंतरच्या पाच वर्षांतले किमान तीस महिने त्याने प्रत्यक्ष अमेरिकेत काढले पाहिजेत. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला तर त्याचे वास्तव्य तुटले का, अशी शंका काढली जाते. वर्ष उलटले तर तुटलेच. म्हणजे बायकोजवळ फार राहिला तर नागरिकत्व लांबते आणि नागरिकत्व लांबले की बायको लांबते. दिवाळीला आलेल्या नवऱ्याला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवून घ्यावे तर माझ्या सासूबाईच हळूच विचारतात, “याचे दिवस मोजलेत ना ग?”

लग्न खरे असल्याचे पुरावे देताना तर मला नोकरीतली आठवण झाली. फोटो मागितले, दिले. मराठी लग्नात फोटोंना तोटा नसतो, फक्त नवरा-नवरी दिसतील असा फोटो शोधावा लागतो. नोंदणीच्या दाखल्याचे इंग्रजी भाषांतर दिले. मग अपेक्षा अशी की दोघांचे पैसे एकत्र असावेत, संयुक्त खाते असावे. इथे मी हसले. अनिवासी माणसाच्या एनआरई खात्यात निवासी बायकोचे नाव घालता येते, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ याच अटीवर. तो हयात असेपर्यंत मी फार तर मुखत्यार म्हणून सही करायची. मालकीण म्हणून त्या पैशाला हात लावायचा तर आधी विधवा व्हायला हवे. एका देशाला एकत्र संसाराचा पुरावा पाहिजे आणि दुसऱ्या देशाने तो मृत्यूच्या दाखल्याला जोडून दिलेला. दोन्ही बाजूंचे नियम मी स्वतः वाचले आहेत, आणि दोन्ही बाजूंनी मीच अर्जदार आहे.

तुमच्या आय-८६४ या फॉर्मबद्दल मात्र आदर व्यक्त केल्याशिवाय राहवत नाही. प्रतिज्ञापत्र करून नवरा लिहून देतो की बायकोला सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाच्या पातळीवर सांभाळीन. ही जबाबदारी कधी संपते? बायको नागरिक झाली, किंवा तिच्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद झाली, किंवा ती कायमची देश सोडून गेली, किंवा दोघांपैकी कुणी वारले, तर. घटस्फोट झाला तरी संपत नाही. अग्नीला सात फेरे घालून जे पक्के होईना ते तुम्ही एका फॉर्मात पक्के केलेत. माझ्या शाखेत कर्जाला जामीन राहिलेले लोक रडत येतात, त्यांना मी आता हाच फॉर्म दाखवते.

असो. तुमच्यावर एक उपाय निघाला आहे, तो कळवावा म्हणून हा पत्रप्रपंच. २०२६ हे त्याच्या ग्रीन कार्डचे पाचवे वर्ष. पाच वर्षे भरायच्या ९० दिवस आधी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो सध्या गाडीत बसून १२८ प्रश्न पाठ करतो आहे. त्यातले वीस विचारतात आणि बारा बरोबर आले की पास. मग शपथ. त्या शपथेत सर्व परदेशी राजे, अधिपती आणि राज्यांवरची निष्ठा सोडावी लागते. शपथ घेतली की माझा पडलेला अर्ज आपोआप नागरिकाच्या बायकोचा अर्ज होतो, नवा करावा लागत नाही. प्रमाणपत्राची प्रत पाठवायची आणि तुमच्या बुलेटिनकडे पाठ फिरवायची. शपथेच्या त्याच क्षणी भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम लागू होते आणि तो भारतीय राहत नाही. पासपोर्ट जमा करायचा, मग ओसीआय कार्डासाठी अर्ज. हे सगळे सासऱ्यांना समजावले तेव्हा त्यांनी द्राक्षबागेकडे बघत एवढेच विचारले, “सातबारा राहतोय ना?” वारसाने आलेली राहते, शेतजमीन नवी विकत घेता येत नाही, असे सांगितल्यावर म्हणाले, “मग आहे ती विकू नको म्हणावं.” लोक बायकोसाठी व्यसन सोडतात, आईवडिलांचे घर सोडतात. माझ्या नवऱ्याला देश सोडायला लावून तुम्ही मला आमच्या भावकीत जे वजन मिळवून दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. थट्टा सोडून सांगते, तो ग्रीन कार्डावर सुखाने राहिला असता. मतदानाला इकडे येत नव्हता, पण यादीतले नाव काढायला त्याची तयारी नव्हती. प्रेमापोटी नाही, तुमच्या वेळापत्रकापोटी तो अमेरिकन होणार आहे. अमेरिकेवर निष्ठा वाढवण्याची ही रीत तुमच्या संसदेला पसंत असेल तर माझे काही म्हणणे नाही.

तुमच्या संसदेला हे दुखणे ठाऊकच नाही असेही नाही. २००० साली तिने कायम रहिवाशांच्या बायका-मुलांसाठी ‘व्ही’ नावाचा व्हिसा काढला होता. तीन वर्षे ताटकळलेल्यांनी तिकडे येऊन वाट बघावी, अशी माणुसकीची सोय. फक्त अर्ज २१ डिसेंबर २००० पर्यंत केलेला असावा, अशी अट. तेव्हा मी बालवाडीत होते. अर्ज करायचा राहून गेला.

शेवटी एक खरी अडचण, जिच्यासाठी हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. २०२५ मध्ये आम्हाला मुलगा झाला. तुमच्या रांगेत तो माझ्या पदराला धरून उभा आहे. आईच्या अर्जात मूल आपोआप धरले जाते, हा तुमचा एकमेव चांगुलपणा. पण नवऱ्याने शपथ घेतली की मी एका रात्रीत रांगेबाहेर पडते आणि मुलगा माझ्या अर्जातून गळून पडतो, कारण नागरिकाच्या बायकोच्या अर्जावर मूल चालत नाही. त्याच्यासाठी बापाने स्वतंत्र अर्ज करायचा, ऑनलाइन केला तरी ६२५ डॉलर भरून, आणि पुन्हा नाते सिद्ध करायचे. आपल्याच मुलाशी. अनेकांना हे मुलाखतीच्या तोंडावर कळते आणि आईचा व्हिसा तयार, मूल मात्र आजीकडे, असा प्रकार होतो. मी बँकेतली असल्याने बारीक अक्षर वाचते. मुलाचा अर्ज शपथेच्या दिवशीच जाईल अशी तजवीज केली आहे. तेव्हा आपणास विनंती की आता या काही महिन्यांत आपली तारीख पुढे सरकवून मध्येच उपकार करू नयेत. कोणत्या रांगेत राहिलो तर दोघे मिळून जाऊ, याचा हिशेब मला पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल.

सगळे सुरळीत झाले तर पुढचे असे. वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत, मग विमान. दोन वर्षे जुने लग्न असल्याने मला अटींशिवाय दहा वर्षांचे ग्रीन कार्ड; तुम्ही ताटकळत ठेवल्याचा तेवढा एक फायदा. मुलगा बापाबरोबर राहायला म्हणून विमानतळावर आत शिरला की तुमच्या कायद्याने तिथल्या तिथे नागरिक. म्हणजे बोबडे बोलणारा तो अमेरिकन, त्याचा बाप अमेरिकन, आणि तीन वर्षे होऊन माझा अर्ज पोचेपर्यंत घरातली कायम रहिवासी मी एकटी. त्या मधल्या पायरीवर माणसाने नवे लग्न करू नये, एवढे मला कळलेले आहे. माझे झालेले आहे, त्यामुळे माझ्याकडून आपणास पुन्हा त्रास होणार नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
अर्जदार
(सही नोंदणीच्या दाखल्यातल्या नावाने केली आहे, पासपोर्टवर माहेरचे नाव आहे. तफावतीचे प्रतिज्ञापत्र शंभराऐवजी पाचशेच्या स्टँपवर लागेल, असे नोटरी म्हणतात, ते मागाहून पाठवते.)