नावडतीचं मीठ

आमच्या घरी यंदा दहावी आहे. म्हणजे टीव्ही बंद, पाहुणे बंद, माझं मोठ्याने शिंकणंही बंद. परवा जेवताना या दहावीने जाहीर केलं, "बाबा, नावडता विषय शिकायला लावणं हा अन्याय आहे. मी गणित सोडणार."

मी म्हटलं, सगळी यादीच आण. यादीत गणित, विज्ञान भाग १ आणि भूगोल. भूगोल गेल्या वर्षी आवडत्यांत होता. जूनमध्ये बाई बदलल्या आणि तो नावडता झाला. सह्याद्री आहे तिथेच आहे. आणि आवडता विषय? संस्कृत! माझा ऊर भरून आला.

"का रे आवडतं?"

"स्कोअरिंग आहे."

टेबलावर कुणाची तरी लग्नपत्रिका पडली होती. तिच्यावरच्या श्लोकाचा अर्थ विचारला, तर म्हणाला, "श्लोक मी ऑप्शनला टाकलेत."

पोराला एकट्याला काय बोलणार? सरकारचं मनही असंच मऊ आहे. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये सहाव्या विषयात पास व्हायचं, पण टक्केवारीच्या पंगतीत त्याचं पान मांडायचं नाही. २०२४च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात तर गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर अकरावीला पाठवायची सोय सुचवली होती. फक्त गुणपत्रिकेवर शेरा, की पुढे या विषयांच्या वाटेला जाता येणार नाही. पंधराव्या वर्षी काडीमोड, तोही सरकारी शिक्क्यानिशी! एप्रिल २०२५मध्ये पहिलीपासून सक्तीची हिंदी आली आणि जूनअखेर माघारी गेली. मधल्या काळात अख्खा महाराष्ट्र तावातावाने भांडला. ज्याला ती शिकायची होती, तो सहा वर्षांचा गृहस्थ तेवढा आंबा खात बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही.

सक्तीवाल्यांनी मात्र एवढ्यात हुरळून जाऊ नये. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये सांगितलं. त्याचं फळ मी भाचीच्या टेबलावर पाहिलं. भाची नाशिकची, बारावीत. प्रकल्पवहीत विषय 'आमच्या परिसरातील नदीचे प्रदूषण', आणि नदी पंचगंगा. वही कोल्हापूरच्या मावसबहिणीकडून आली होती. शाळेत शिकलेल्या भूगोलाच्या जोरावर मी नम्रपणे म्हटलं, "अगं, गोदावरी तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे." ती म्हणाली, "मामा, आता सगळं पुन्हा कोण लिहिणार?" पानाखाली लाल शाईत 'उत्तम' होतं, तारखेसकट सही होती. वाचलं कुणी, हे गोदावरीलाच ठाऊक.

हे सगळं मी चिरंजीवांना ऐकवणार होतो. आवड ही काही चपलेसारखी दुकानात पायात घालून बघता येत नाही, बाई बदलल्या की चावायला लागते वगैरे उपमाही तयार होत्या. त्यांच्या खोलीपाशी गेलो, तर आतून घोकंपट्टी चाललेली. उद्या मराठीची घटक चाचणी. निबंध पडणार 'माझा आवडता विषय', आणि गाइडात नमुना एकच.

"गणित हा माझा अत्यंत आवडता विषय आहे," चिरंजीव डोळे मिटून, पुढेमागे डुलत म्हणत होते. "गणिताच्या तासाची मी आतुरतेने वाट पाहतो. गणिताच्या तासाची मी..."

मी हळूच दार लोटून घेतलं. शिंक आली होती, तीही दाबली.