तळाच्या डब्याचा अर्थसंकल्प

रोह्यात लहानपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. गावातल्या बायकांना त्याचं फारसं नवल वाटलं नसावं. पेण-रोह्याच्या स्वयंपाकघरांत २५ तारखेनंतर तेच खातं चालतं, फक्त शपथविधी होत नाही.

फ्रिजमध्ये वाटीभर आमटी, अर्धा कांदा, कालचा भात. डब्यांच्या तळाशी पसाभर वाल, मूठभर सुकट आणि पेणच्या पोह्यांचा चुरा. आमटी थालिपिठाच्या पिठात मुरते, भाताला फोडणी मिळते, चुरा भज्यांत जातो. सुकट भाजून कांदा-कोकमाबरोबर परतली की निम्मा भात नुसत्या वासावर संपतो. वालांची योजना मात्र दीर्घ मुदतीची: रात्री भिजवा, मोड येईपर्यंत फडक्यात बांधून ठेवा, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोला. या सोलण्याची मजुरी कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेली नाही, म्हणूनच तर या वालांचं बिरडं स्वस्त!

आता हीच विद्या ‘झीरो वेस्ट’ म्हणून शहरात फी घेऊन शिकवतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगाने सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया घालवलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. त्यात रोह्याचा वाटा किती, हे मोजायला कोणी साहेब आलेच, तर इथली आजी त्यांना आधी जेवायला बसवेल आणि उरलंसुरलं सगळं त्यांच्याच पानात संपवेल.